उन्हाळ्यात मुलांना स्पॅनिश शिकायला स्पेनला पाठवताना : पालकांचे नेहमीचे प्रश्न

मी शाळकरी मुलांना स्पॅनिश शिकवते. जानेवारी उजाडला की पालकांचे फोन सुरू होतात: "मॅडम, या सुट्टीत हिला स्पेनला पाठवावं म्हणतोय." खालचे प्रश्न त्याच फोनांवरचे आहेत. साधारण १३ ते १७ वयाची मुलं डोळ्यांसमोर ठेवून उत्तरं दिली आहेत. उदाहरणं बरीचशी सालामांकाची आहेत, कारण परदेशी विद्यार्थ्यांना स्पॅनिश शिकवणं हा त्या गावाचा मोठा व्यवसायच आहे.

हा प्रकार नक्की असतो तरी काय?

सकाळी स्पॅनिशचे तास, दुपारनंतर खेळ, कार्यशाळा किंवा गावात भटकंती, शनिवारी एखादी सहल, आणि राहणं स्पॅनिश कुटुंबात किंवा वसतिगृहात. मुलांसाठीचे असे वर्ग मुख्यतः जूनच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंत चालतात, कारण स्पेनमधल्या शाळांना तेव्हा सुट्टी असते आणि इमारती, वसतिगृहं मोकळी असतात. बहुतेक ठिकाणी वर्ग सोमवारी सुरू होतात आणि मुलांना रविवारी पोचायला सांगतात. पहिल्या दिवशी छोटी चाचणी घेऊन पातळीनुसार गट पाडले जातात.

तिथे गेलं की मूल आपोआप स्पॅनिश बोलायला लागेल ना?

नाही. जाहिरातींमध्ये हे कुणी सांगत नाही, म्हणून मी आधीच सांगते.

उन्हाळ्यात स्पेनमधल्या भाषाशाळा स्पॅनिश मुलांनी भरलेल्या नसतात. त्या भरलेल्या असतात इटालियन, फ्रेंच, जर्मन आणि अमेरिकन मुलांनी. वर्गात शिक्षिका स्पॅनिश बोलते, मुलंही बोलतात. घंटा वाजली की सगळी मुलं अंगणात येतात आणि तिथली बोली होते इंग्रजी. मुंबई-पुण्याच्या इंग्रजी माध्यमातल्या मुलाला तर हे फारच सोयीचं पडतं. तो आठवड्याभरात सगळ्यांचा लाडका होतो, मिलानच्या मित्राशी फुटबॉलवर तासन् तास गप्पा मारतो, आणि त्याचं स्पॅनिश रोज तीन तासांवरच अडकून राहतं. तीन तास तर तो इथेही शिकू शकला असता.

म्हणून वर्ग सुटल्यावर झोपेपर्यंत मुलाच्या कानावर आणि तोंडात कोणती भाषा असणार, हे पाहून कार्यक्रम निवडा. शाळेला थेट विचारण्यासारखे काही प्रश्न आहेत. दुपारच्या खेळांत स्थानिक स्पॅनिश मुलं असतात का? (काही शिबिरांत सकाळी परदेशी मुलं स्पॅनिश शिकतात, स्पॅनिश मुलं इंग्रजी शिकतात आणि दुपारी सगळी एकत्र खेळतात. यात इंग्रजीचा मोह असतोच, पण निदान समोर खरीखुरी स्पॅनिश पोरं असतात.) मुलांबरोबर फिरणारे ताई-दादा, ज्यांना तिथे 'मोनितोर' म्हणतात, ते मुलांशी स्पॅनिशमध्येच बोलतात का? खोलीत, घरात आणखी कोण असणार? भारतातून आणखी किती मुलं येतायत? शेवटच्या प्रश्नावर "वीसजणांचा ग्रुप आहे, काळजीच नको" असं उत्साहाने उत्तर आलं, तर तुमचं मूल मजेत राहील, पण महिनाभर हिंदी-इंग्रजीतच राहील.

अजिबात स्पॅनिश येत नसताना पाठवलं तर?

शाळा प्रवेश देतात, नवशिक्यांचे वर्ग सगळीकडे असतात. पण मी पालकांना थांबायला सांगते. हिशेब बघा: दोन आठवडे, आठवड्याला २० तास, आणि 'तास' बहुधा ४५-५० मिनिटांचा. म्हणजे ४५ मिनिटं धरली तर सगळे मिळून जेमतेम ३० घड्याळी तास. एवढ्यात ए१ ही पहिली पातळीसुद्धा नीट पुरी होत नाही. वर घरातली मंडळी काय बोलतायत हे कळत नाही म्हणून मूल इंग्रजीचा आधार शोधणारच.

ए२ ही दुसरी पातळी झालेलं मूल मात्र वेगळं असतं. त्याच्याकडे भूतकाळाची रूपं आहेत, हजारेक शब्द आहेत, तोडकीमोडकी का होईना पण गोष्ट सांगता येते. फक्त तोंड उघडायचा धीर नाही आणि वेगाने बोललेलं समजत नाही. या दोन्हींवर परदेशातल्या महिन्याइतका चांगला उपाय मला माहीत नाही. व्याकरण मात्र तिथे फारसं पुढे सरकत नाही, ते इथे बसूनच घोटावं लागतं.

कोणत्या वयात पाठवावं?

१५-१६. तेराव्या वर्षीही जमतं, पण त्या वयात नियम कडक असतात, संध्याकाळी बाहेर सोडत नाहीत, आणि सगळा वेळ शाळेच्या आवारातच जातो. सोळाव्या वर्षी मूल एकटं दुकानात जातं, बसचं तिकीट काढतं, चुकतं, विचारतं. भाषा तिथे शिकली जाते. शिवाय काही शाळा १६ पूर्ण झालेल्यांना मोठ्यांच्या वर्गातही घेतात, त्याचा उपयोग सुट्ट्यांच्या प्रश्नात होतो, तो पुढे येतोच.

दोन आठवडे पुरतात का?

पहिला आठवडा झोपेचं गणित, जेवणाच्या वेळा आणि बुजरेपणा यांत जातो. दुसऱ्यात कान उघडतात. तिसऱ्यात मूल न विचारता बोलायला लागतं. दोन आठवड्यांचं तिकीट काढलंत तर नेमकं ते सुरू होताना तुम्ही त्याला परत आणताय. तीन आठवडे किमान, चार उत्तम. पैसे मर्यादित असतील तर या वर्षी दोन आणि पुढच्या वर्षी दोन असं करण्यापेक्षा एक वर्ष थांबून सलग चार करा. विमानाचं भाडं आणि व्हिसाचा खटाटोपही एकदाच होतो.

कोणतं शहर निवडावं?

पालकांच्या तोंडी पहिलं नाव बार्सिलोना असतं. शहर देखणं आहे यात वाद नाही. पण तिथे रस्त्यावरच्या पाट्या, शाळा, घरातली बोली यांत कातालान ही तिथली वेगळी भाषा मोठ्या प्रमाणावर आहे, आणि पर्यटकांमुळे मध्यवस्तीत इंग्रजी पावलोपावली. भाषेसाठी जाणाऱ्या मुलाला दोन्ही अडचणीचंच. व्हॅलेन्सियात व्हॅलेन्सियन आहे, सान सेबास्तियानला बास्क आहे. या ठिकाणी स्पॅनिश सगळ्यांना येतं, चांगल्या शाळाही आहेत, पण कानावर एकच भाषा पडावी असं वाटत असेल तर कास्तियाकडे, म्हणजे स्पेनच्या मधल्या भागाकडे वळा.

सालामांका तिथलंच. माद्रिदपासून साधारण २०० किलोमीटर, बसने अडीच-तीन तास. विद्यापीठ १२१८ सालचं, स्पेनमधलं अजून चालू असलेलं सगळ्यात जुनं, आणि त्याचे परदेशी विद्यार्थ्यांसाठी स्पॅनिशचे वर्गही आहेत. जुनं गाव १९८८पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहे. पण मला ते आवडतं त्याची कारणं साधी आहेत: गावाचा जुना भाग पायी पालथा घालता येतो, त्यामुळे सोळा वर्षांच्या मुलाला एकट्याने फिरता येतं. उच्चार स्वच्छ. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर, त्यामुळे जुलैत दुपारी ऊन कडक असलं तरी रात्री स्वेटर लागतो. हे पालकांना खरं वाटत नाही आणि मुलं पहिल्या रात्री कुडकुडतात. संध्याकाळी सगळं गाव प्लाथा मायोर या चौकात येतं. भेटायचं असेल तर कुणीही सांगतं, "घड्याळाखाली." विद्यापीठाच्या दर्शनी भिंतीवर कवटीवर बसलेला एक दगडी बेडूक कोरलाय, तो कुणाच्या मदतीशिवाय दिसला तर परीक्षेत पास, अशी समजूत आहे. आणि नव्या कॅथेड्रलच्या दारावर चक्क एक अंतराळवीर आहे! १९९२च्या डागडुजीत कारागिरांनी घातलेला. मुलांना बेडकापेक्षा तोच जास्त आवडतो.

उणी बाजूही आहे. समुद्र नाही. आणि विद्यापीठाची हजारो मुलं उन्हाळ्यात घरी गेलेली असतात, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये गावातले तरुण चेहरे बरेचसे परदेशी.

समुद्र हवाच असेल तर उत्तरेला सान्तान्देर बघा. हवा थंड, अधूनमधून पाऊस, उच्चार स्पष्ट, परदेशी गर्दी कमी. दक्षिणेला मालागा आणि कादिथ मौजेची गावं आहेत, पण तिथली बोली शब्दाच्या शेवटचा 'स' गिळते, नवख्याला सुरुवातीला काहीच कळत नाही. सेव्हिया आणि कोर्दोबा उन्हाळ्यात मुलांसाठी मी सुचवत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ४०च्या वर जाणं तिथे नवलाचं नाही, आणि दुपारभर खोलीत बसायला नागपूर-अकोल्याहून तिकडे कशाला जायचं?

आमची शाळा जूनच्या मध्यावर सुरू होते. मग कसं जमणार?

हा खरा पेच आहे. आयबी आणि केंब्रिज बोर्डाच्या बऱ्याच शाळांना जून-जुलैत सुट्टी असते, त्यांना अडचण नाही. आयबीच्या दोन वर्षांच्या डिप्लोमात स्पॅनिश घेतलेल्या मुलांसाठी तर पहिल्या आणि दुसऱ्या वर्षामधली सुट्टी सर्वांत योग्य.

राज्य मंडळ आणि सीबीएसईच्या मुलांची सुट्टी मुख्यतः एप्रिल-मेमध्ये येते आणि स्पेनमधले मुलांचे वर्ग तर जूनअखेरीस सुरू होतात. मग तीन वाटा उरतात. पहिली, मे महिन्यात मोठ्यांच्या वर्षभर चालणाऱ्या वर्गात जाणं. हे १६ पूर्ण झालेल्यांनाच, आणि राहण्याची देखरेख नीट ठरवूनच. एक फायदा: मेमध्ये स्पेनच्या शाळा-कॉलेजं चालू असतात, म्हणजे यजमान घरातली मुलं घरी असतात, गाव खऱ्या चेहऱ्याने चाललेलं दिसतं. दुसरी वाट, शाळेची परवानगी काढून जुलैत तीन आठवडे. नववीत काही शाळा देतात, दहावीत विचारूही नका. तिसरी, दहावीनंतरचा उन्हाळा. ही सगळ्यांना सुचते आणि सगळे अकरावीचे ऑनलाइन प्रवेश विसरतात. पसंतीक्रम भरणं, फेऱ्या, कागदपत्रं घेऊन कॉलेजात जाणं हे सगळं नेमकं त्याच दिवसांत येतं. तेव्हा मूल स्पेनमध्ये असेल तर इथली धावपळ तुमच्या अंगावर, आणि कुठे मुलाने स्वतः हजर राहायचंय ते कॉलेजला आधीच विचारून ठेवा.

कुटुंबात ठेवावं की वसतिगृहात?

ए२च्या पुढच्या मुलाला कुटुंबात, त्याच्या आतल्याला किंवा फार लाजऱ्याला वसतिगृहात.

कुटुंब म्हणजे काय याची कल्पना मात्र नीट करून घ्या. हा व्यवहार आहे, कुटुंबाला त्याचे पैसे मिळतात. घरात बऱ्याचदा मुलं मोठी होऊन बाहेर पडलेली असतात आणि एखाद्या साठीच्या बाई दोन-तीन विद्यार्थी ठेवतात. आई-बाबा-दोन मुलं-एक कुत्रा हे माहितीपत्रकातलं चित्र दर वेळी मिळतंच असं नाही. पण माझ्या मते या साठीच्या बाईच भाषेसाठी उत्तम! त्यांना इंग्रजी येत नसतं, जेवताना टीव्ही लावून त्या त्यावर टीका करतात, आणि ताटातलं संपवलं नाही तर कारण विचारतात. कारण स्पॅनिशमध्येच द्यावं लागतं.

मागून घ्यायची एकच गोष्ट: खोलीत जोडीदार असेल तर तो हिंदी, मराठी किंवा इंग्रजी घरी बोलणारा नको. इटालियन किंवा जर्मन चालेल. अर्ज भरतानाच लिहा, नंतर बदल होत नाही.

मुलगी एकटी आहे. सुरक्षित आहे का?

स्पेनमध्ये मुलांशी नेहमीचा संबंध येणारं काम करणाऱ्याला लैंगिक गुन्ह्यांसाठी शिक्षा झालेली नसल्याचा सरकारी दाखला द्यावा लागतो. शिक्षक आणि मोनितोर यांचा तर असतोच. यजमान घरातल्या सगळ्या प्रौढांचा घेतला आहे का, हे शाळेला लेखी विचारा. गुळमुळीत उत्तर आलं तर पुढची शाळा बघा. त्याबरोबर हेही: रात्री बाहेर राहायची वेळ वयानुसार काय, रात्री फोन उचलणारी व्यक्ती कोण, मूल वर्गात आलं नाही तर पालकांना किती वेळात कळवतात.

सालामांकासारख्या गावात रात्री दहाला रस्त्यावर आजी-आजोबा, लहान पोरं सगळी असतात, कारण उजेडच पावणेदहा-दहापर्यंत असतो. आपल्या मुलींना हे मोकळेपण फार भावतं. माद्रिद-बार्सिलोनात खिसेकापू मात्र पट्टीचे. मेट्रोत पाठीवरची सॅक पुढे घ्यायची, पासपोर्ट घरी आणि त्याची प्रत जवळ. दारू १८च्या आत कायद्याने बंद आहे, तरी गटातली मोठी युरोपियन मुलं पिताना दिसतील. जाण्याआधी घरात हा विषय मोकळेपणी बोलून घ्या. ओळख करून देताना गालाला गाल लावून दोनदा चुंबनाचा आवाज करायची पद्धतही आधी सांगून ठेवा, नको असेल तर हात पुढे केला की समोरचा समजतो. आपत्कालीन नंबर ११२.

व्हिसाचं कसं करायचं?

९० दिवसांपर्यंतच्या वर्गाला अल्पकालीन शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच) पुरतो. महाराष्ट्र आणि गोव्यातले अर्ज मुंबईतल्या स्पॅनिश वकिलातीकडे जातात, ते घेण्याचं काम बीएलएस ही कंपनी करते. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि १५ दिवस ही शेवटची मुदत. त्या १५ दिवसांवर कुणी विसंबू नये. एप्रिल-मेमध्ये अर्ध्या शहराला युरोपला जायचं असतं, अपॉइंटमेंटच मिळत नाही. जुलैत जायचं असेल तर मार्चमध्ये अर्ज टाका.

शुल्क १२ वर्षांपासून पुढे ९० युरो, शिवाय केंद्राचा सेवाआकार. बारा वर्षांवरच्या मुलांच्या बोटांचे ठसे घेतात, म्हणून मुलाला स्वतः जावं लागतं, परीक्षेच्या दिवशी अपॉइंटमेंट घेऊ नका. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध आणि गेल्या दहा वर्षांतला हवा. मुलांचे पासपोर्ट बहुधा पाच वर्षांचे असतात, कधी संपतात ते आज उघडून बघा. विमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा.

अल्पवयीन असल्यामुळे जादा कागद: जन्मदाखला, दोन्ही पालकांचं नोटरी केलेलं संमतिपत्र, दोघांच्या पासपोर्टच्या प्रती, पालकांची बँक स्टेटमेंट आणि आयकर विवरणपत्रं. शाळेचं बोनाफाइड आणि गरज असेल तर रजेची मंजुरी. स्पेनमधल्या शाळेचं प्रवेशपत्र आणि राहण्याच्या सोयीचं पत्र. आई-वडील विभक्त असतील तर ताब्याविषयीचा न्यायालयाचा आदेश लागतो, त्याला वेळ धरा. आणि जन्मदाखल्यावरचं, पासपोर्टवरचं नाव जुळतंय ना ते पाहा. 'वडिलांचं नाव मधे, आडनाव शेवटी' या आपल्याकडच्या सगळ्या गमती इथे अंगाशी येतात.

खर्च किती येतो?

आकडा शहर, आठवडे आणि युरोच्या भावाप्रमाणे इतका बदलतो की मी सांगितलेला सहा महिन्यांत खोटा ठरेल. दोन शाळांची तुलना कशी करायची ते सांगते.

आधी शिकवण्याच्या मिनिटांनी भागा. २० तास म्हणजे ४५ मिनिटांचे की ६० चे, यात आठवड्याला पाच तासांचा फरक पडतो. मग रात्री मोजा: रविवार ते शनिवार म्हणजे सहा रात्री, शनिवारी सकाळी खोली सोडायची असेल आणि विमान रविवारी असेल तर एक रात्र कोण देणार? जेवणं किती? पुस्तकं, नोंदणी फी, विमानतळावरून ने-आण, शनिवारची सहल, कपडे धुणं हे आत की वर? सालामांकात माद्रिदच्या विमानतळावरून ने-आणीचा आकार मोठा असतो, एजंट तो शेवटी सांगतात. एकट्या अल्पवयीन मुलासाठी विमान कंपनीची देखरेख सेवा वेगळी आकारली जाते, आणि ती तिकीट काढतानाच घ्यावी लागते. मुंबईहून जाताना बहुधा आखातात किंवा युरोपात विमान बदलावं लागतं, तेव्हा पहिल्यांदा जाणाऱ्याला ती घ्याच.

परदेशी पैसे पाठवताना बँक किंवा एजंट टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापू शकतात. तो तुमच्या आयकरात वळता होतो, पण पैसे अडकतात, म्हणून सीएंना आधी विचारा.

एजंट हवाच का? थेट शाळेशीही व्यवहार करता येतो. शाळा इन्स्तितुतो सेर्वान्तेसची मान्यताप्राप्त आहे का, एवढं मात्र पाहा. १९९१ साली स्थापन झालेली ही स्पॅनिश सरकारची संस्था शाळांची तपासणी करून मान्यता देते, आणि यादी तिच्या संकेतस्थळावर आहे.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहील का?

राहणार नाही, पण कंटाळेल. अंडं चालत असेल तर अर्धा प्रश्न सुटला: तोर्तिया म्हणजे बटाटा घातलेलं जाड ऑम्लेट, ते सकाळ-दुपार-रात्र मिळतं. अंडं चालत नसेल तर अर्जात ठळक लिहा, नाहीतर 'शाकाहारी'च्या नावाखाली रोज तोर्तियाच येईल. गाझ्पाचो हे टोमॅटोचं गार सार, पिस्तो ही आपल्या मिक्स भाजीची चुलत बहीण, टोमॅटो चोळलेला पाव, पालक घालून केलेले छोले, सॅलड, फळं, चीज. कलिंगड आणि खरबूज तर अप्रतिम.

सापळा वेगळाच आहे. कित्येक स्पॅनिश लोकांच्या लेखी हॅम हे 'मांस' नव्हेच, ती चवीपुरती गोष्ट. मसूर आहेत म्हणून वाटी घ्यावी तर तळाशी चोरिथो, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज. मटारच्या भाजीत हॅमचे तुकडे. क्रोकेतास बाहेरून बटाटावडा, आत बहुधा हॅम. म्हणून मुलाला पूर्ण वाक्य पाठ करून पाठवा: "नो कोमो कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो, नी खामोन." मांस नाही, चिकन नाही, मासे नाहीत, हॅम नाही. नुसतं 'शाकाहारी आहे' म्हणून भागत नाही. सहलीच्या दिवशी मिळणाऱ्या सँडविचमध्ये काय आहे ते आदल्या रात्रीच विचारायचं.

जैन जेवण कुटुंबात जवळजवळ अशक्य. कांदा-लसूण-बटाट्याविना त्यांचा स्वयंपाक उभाच राहत नाही. अशा मुलाला स्वयंपाकघर वापरता येईल असं वसतिगृह शोधा, किंवा बेत वय वाढेपर्यंत पुढे ढकला.

वेळा निराळ्या: दुपारचं जेवण दोन-अडीचला, तेच मुख्य, आणि रात्रीचं नऊ-साडेनऊला. मधे साडेपाच-सहाला मुलांना खाऊ असतो. नळाचं पाणी पिता येतं. आणि संडासात पाण्याचा जेट नसतो, हा प्रश्न पालक कुजबुजत विचारतात म्हणून इथे उत्तर देऊन टाकते.

मराठीचा काही उपयोग होतो का?

इंग्रजीपेक्षा जास्त. त, द, र हे आपले जसेच्या तसे. मुलं इंग्रजी स्पेलिंग पाहून 'टोर्टिला' म्हणतात, त्यांना फक्त मराठी तोंड आठवून द्यावं लागतं. वस्तूंना लिंग असतं याचं आपल्या मुलांना आश्चर्य नाही, तिथे तर दोनच लिंगं आहेत. 'तू' आणि 'तुम्ही' वेगळे आहेत. 'मे गुस्ता' हे 'मला आवडतं' याच साच्यातलं, अमेरिकन मुलं त्यावर आठवडाभर अडखळतात. खरं जड जातं ते 'असणे'ची दोन क्रियापदं आणि इच्छा-शंका दाखवणारी क्रियापदांची रूपं.

रोज फोन करावा का?

नको. आठवड्यातून दोनदा ठरवून बोला. उन्हाळ्यात स्पेन आपल्या साडेतीन तास मागे असतो. आपले रात्रीचे आठ म्हणजे तिथे दुपारचे साडेचार, जेवणानंतरच्या विश्रांतीची वेळ. तीच बरी. त्यांच्या रात्रीच्या जेवणाच्या वेळी फोन केलात तर दिवसातला सगळ्यात मोलाचा स्पॅनिश तास तुम्ही मराठीत खर्च केलात.

तिसऱ्याच दिवशी "मला परत यायचंय" म्हणून रडली तर?

बहुतेक मुलं रडतात. दिवसभर परकी भाषा ऐकून डोकं शिणतं, संध्याकाळी घर आठवतं. ऐकून घ्या, तिकिटं शोधायला बसू नका. शाळेच्या प्रमुखांना एक निरोप पाठवा, ते सरावलेले असतात. पाच-सहा दिवसांत बहुधा निवळतं. मात्र रडण्याचं कारण घर नसून एखादा माणूस असेल, म्हणजे खोलीतला जोडीदार, यजमान, मोनितोर, तर त्याच दिवशी घर बदलून मागा. तिथे 'जरा सोस' म्हणायचं नाही.

परत आल्यावर परीक्षा द्यावी का?

११ ते १७ वयाच्या मुलांसाठी 'देले' या स्पॅनिशच्या अधिकृत परीक्षेची वेगळी शालेय आवृत्ती आहे, ए१ची एक, आणि ए२-बी१ची एकत्रित एक. स्पेनच्या शिक्षण मंत्रालयाच्या नावाने इन्स्तितुतो सेर्वान्तेस ती घेतं आणि प्रमाणपत्राला मुदत नसते. 'सिएले' ही दुसरी परीक्षा संगणकावर होते, पण तिचा निकाल पाच वर्षंच चालतो. स्पेनहून आल्यावर दोन-तीन महिन्यांच्या आत दिली तर बोलण्याचा आणि ऐकण्याचा भाग सहज निघतो. लिहिण्याची तयारी वेगळी करावी लागते.

आम्ही न्यू जर्सीत असतो. काही वेगळं?

सुट्टी जुळते, कारण जूनअखेर ते ऑगस्ट तुमचीच सुट्टी. अमेरिकन पासपोर्टवाल्या मुलाला ९० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसा तिथल्याच स्पॅनिश वकिलातीतून. एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर असलेल्या मुलांच्या पालकांनी आधी पासपोर्टमधला अमेरिकेच्या व्हिसाचा शिक्का चालू आहे का ते पाहावं, संपला असेल तर स्पेनला जाणं सोपं आणि परत येणं अवघड. एपी स्पॅनिश ही अमेरिकेतली शालेय परीक्षा मेमध्ये असते, तेव्हा आदल्या वर्षीचा उन्हाळा धरा.

स्पेनऐवजी लॅटिन अमेरिका का नको?

अमेरिकेतल्या कुटुंबांनी जरूर विचार करावा. ग्वातेमालातल्या अँतिग्वात एका विद्यार्थ्याला एक शिक्षक अशी पद्धत प्रसिद्ध आहे, आणि ती खिशालाही परवडते. मुंबईहून मात्र प्रवास फार लांब, बदल दोन-तीन, आणि वाटेतल्या देशाचा व्हिसाही लागू शकतो. पंधरा वर्षांच्या एकट्या मुलासाठी मी स्पेनच सांगेन.

यजमानांसाठी काय न्यावं?

युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तूप, पेढे, खव्याची बर्फी घरीच ठेवा, कस्टममध्ये काढून घेतात. बाकरवडी, चिक्की चालते. बाकरवडी कमी तिखट बघून घ्या, स्पॅनिश लोक तिखट खात नाहीत. छोटी पैठणी काठाची पर्स किंवा वारली चित्राचा कपड्याचा टेबलरनर दिला तर त्यावर बोलणं निघतं, म्हणून त्या वस्तूची माहिती सांगणारी चार वाक्यं स्पॅनिशमध्ये आधीच बसवून द्या. पहिल्या संध्याकाळी तेवढीच पुरतात.